समुद्र एवढा जुना, मग त्याचा तळ एवढा तरुण कसा?

गारगोटी

समुद्रतळाच्या वयाचा एक रंगीत नकाशा असतो, पाहिलाय का कुणी? नवा तळ लाल, मग पिवळा, हिरवा आणि सर्वांत जुना निळा. भाची शाळेच्या प्रकल्पासाठी तो छापून घेत होती. प्रिंटरमधून कागद अर्धा बाहेर आला आणि तिने विचारलं, "मामा, समुद्र तर पहिल्यापासून आहे ना? मग त्याचा तळ एवढा नवा कसा?"

खरं सांगतो, मी तो नकाशा दहा वेळा तरी पाहिला असेल, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आकडे बघा. कॅनडात अकास्टा नावाचा नाइस खडक आहे, त्याचं वय सुमारे ४०० कोटी वर्षं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉनचे बारीक कण सापडलेत, ते तर ४४० कोटींच्या आसपासचे. आणि मोठ्या महासागरांचा तळ? १८–२० कोटी वर्षांपेक्षा जुना जवळजवळ नाहीच. म्हणजे डायनासोर जमिनीवर हिंडायला लागले तेव्हा आजच्या महासागरांचा बहुतेक सगळा तळ अस्तित्वातच नव्हता.

शाळेत आपण भूपट्ट शिकलो: पट्ट एकमेकांवर आदळतात, दूर जातात, घासतात. तीन आकृत्या, पाच गुणांचा प्रश्न, संपलं. पण माझ्या मते सगळा विषय या एका प्रश्नात आहे. जमीन म्हातारी आणि समुद्राचा तळ तरुण, हे का? इथे भूगोल-भूशास्त्रवाले बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय. मला जेवढं माहीत आहे ते मीही लिहीन.

निवांत

वाचतोय. आधी एक बाळबोध शंका. पृथ्वीच्या पोटात लाव्हा भरलाय आणि त्यावर हे पट्ट तराफ्यासारखे तरंगतात, बरोबर ना? मग तळ नवा असण्यात नवल काय, खालून लाव्हा येतच असणार.

गारगोटी

निवांतराव, शंका बाळबोध नाही. बहुतेकांच्या डोक्यात हेच चित्र असतं, माझ्याही होतं. पण ते चुकीचं आहे.

भूकवचाखालचं प्रावरण द्रव नाही, घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, आणि प्रावरणातून त्या आरामात जातात. थांबतात त्या सुमारे २९०० किमी खोलीवर, जिथे द्रवरूप बाह्य गाभा सुरू होतो. म्हणजे आपल्या पायाखाली जवळजवळ तीन हजार किलोमीटर घट्ट खडक आहे. तुरळक ठिकाणी थोडा वितळलेला, बस.

आता गंमत अशी की घन वस्तूही वाहते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली डांबरासारखा एक पदार्थ नरसाळ्यात भरून ठेवला. हातोडी मारली तर काचेसारखा फुटतो. पण नरसाळ्याच्या टोकातून तो थेंब थेंब गळतोय. नववा थेंब सुटायला २०१४ साल उजाडलं! प्रावरण याहून कैक पटींनी घट्ट आहे, पण त्याच्या हातात कोट्यवधी वर्षं आहेत. ते वर्षाला काही सेंटीमीटर सरकतं.

आणि पट्ट म्हणजे नुसतं भूकवच नव्हे. कवच अधिक त्याला चिकटलेला प्रावरणाचा थंड, ताठ वरचा थर, असा मिळून सुमारे १०० किमी जाडीचा तुकडा.

निवांत

म्हणजे इतकी वर्षं मी लाव्ह्याच्या समुद्रावर राहतोय असं समजत होतो. बरं वाटलं.

दर्यावर्दी

तळ नवा कसा, याचं उत्तर मिळालं ते अटलांटिकच्या मधोमध. आणि ते दिसलं एका बाईला, जिला जहाजावर पाऊलही ठेवू देत नव्हते.

मेरी थार्प. साल १९५२. जहाजांवरून ध्वनिलहरींनी घेतलेली खोलीची मापं तिच्या टेबलावर यायची आणि ती हाताने तळाचे उभे छेद काढायची. अटलांटिकच्या मधून एक डोंगररांग जाते हे आधीपासून माहीत होतं. हिने सहा छेद एकाखाली एक लावले आणि तिच्या लक्षात आलं की रांगेच्या माथ्यावर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक खाच आहे. डोंगराच्या डोक्यावर दरी! याचा अर्थ तिथे जमीन फाटतेय.

तिचा सहकारी ब्रूस हीझेन म्हणाला, ही बायकी बडबड आहे. कारण ते मान्य केलं असतं तर खंड सरकतात हेही मान्य करावं लागलं असतं, आणि तेव्हा हा विषय काढणं म्हणजे हसं करून घेणं. मग शेजारच्या टेबलावर दुसरा एक जण समुद्रातल्या भूकंपांची ठिकाणं नकाशावर मांडत होता. त्याचा नकाशा आणि हिचा नकाशा एकावर एक ठेवले, तर भूकंपांचे ठिपके नेमके त्या खाचेत. तेव्हा कुठे हीझेनला पटलं.

उलटतपासणी

हे खंड सरकण्याचं आधी वेगेनर म्हणाला होता ना? त्याचं म्हणणं उडवून लावलं म्हणून शास्त्रज्ञांना नावं ठेवायची फॅशन आहे, पण थोडी दुसरी बाजू मांडतो.

आल्फ्रेड वेगेनर, १९१२. मूळचा हवामानशास्त्रज्ञ. पुरावे त्याच्याकडे भक्कम होते: आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात, मेसोसॉरस हा गोड्या पाण्यातला छोटा सरपटणारा प्राणी दोन्हीकडे सापडतो, ग्लॉसोप्टेरिस वनस्पतीचे जीवाश्म दक्षिणेकडच्या सगळ्या खंडांवर. पण "सरकवतं कोण?" या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं पृथ्वीच्या फिरण्याचा जोर आणि चंद्र-सूर्याची ओढ. गणित मांडल्यावर दोन्ही बलं फारच किरकोळ निघाली. शिवाय खंड सागरतळाला नांगरत पुढे जातात अशी त्याची कल्पना, ग्रीनलंड सरकण्याचा वेगही त्याने अवाच्या सवा काढलेला. विरोधकांचे आक्षेप बिनबुडाचे नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो वारला, तोवर प्रश्न तसाच होता.

गारगोटी

उलटतपासणी, अगदी मान्य. नांगरण्याची कल्पना चूकच होती. खंड तळाला कापत जात नाहीत, तळासकट जातात.

दर्यावर्दींच्या खाचेकडे परत. ती रुंदावली की खालचा तप्त खडक वर सरकतो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि नुसत्या त्या कारणाने तो थोडा वितळतो. तापमान वाढावं लागत नाही. तो शिलारस थिजला की बेसाल्टचा नवा तळ. हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये हे मांडलं. पण पुरावा?

पुरावा चुंबकात निघाला. बेसाल्ट थंड होताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेकडे तोंड करून गोठतात. आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, शेवटचे उलटले सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. तेव्हा मधल्या रांगेतून तळ सतत तयार होत असेल, तर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे रांगेच्या दोन्ही बाजूंना सारखे दिसले पाहिजेत, आरशातल्यासारखे. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हेच म्हटलं. कॅनडात मॉर्ली यांनाही स्वतंत्रपणे तेच सुचलं होतं, पण त्यांचा लेख दोन नियतकालिकांनी परत पाठवला. पुढे मोजमापं आली आणि पट्टे खरोखर तसेच निघाले. समुद्राचा तळ ही एक मोठी टेप आहे, दोन्ही बाजूंना एकाच वेळी रेकॉर्ड होत जाणारी.

पायवाट

मस्त चाललाय धागा. अवांतर: आइसलंडला ही रांग पाण्याबाहेर येते. तिथे एक फट आहे, तिच्यात एक पाय अमेरिकेत आणि एक युरोपात ठेवून उभं राहता येतं. माझ्या यादीत आहे.

डोंगरवेडी

पायवाट, जरूर जा, पण फोटोखाली ते वाक्य लिहू नकोस 😀. दोन पट्टांमधली सीमा म्हणजे एक रेघ नाही. थिंगवेल्लिरला तो किलोमीटरच्या किलोमीटर रुंद खचलेला पट्टा आहे आणि त्यात अशा असंख्य फटी आहेत. तू ज्या फटीत उभी राहशील तिचे दोन्ही काठ त्या मधल्या भागातच. सगळं मिळून तिथे वर्षाला साधारण २ सेंटीमीटर अंतर वाढतं.

पायवाट

अरेरे. एक स्वप्न भंगलं. तरी जाईन.

उलटतपासणी

माझा पुढचा प्रश्न. रोज नवा तळ तयार होतोय तर पृथ्वी फुगतेय का? असं मानणारेही लोक होते म्हणे.

दर्यावर्दी

होते, आणि काही जण बराच काळ त्यावर ठाम होते. पण जेवढा तळ तयार होतो तेवढाच दुसरीकडे बुडतो. तो बुडतो त्या जागा म्हणजे सागरी गर्ता. मारियाना गर्तेची खोली जवळपास ११ किमी.

तिथे एक पट्ट वाकून दुसऱ्याखाली घुसतो. हे कसं कळलं? भूकंपांवरून. जपानमध्ये वादाती यांनी दाखवलं की गर्तेपासून आशिया खंडाकडे जावं तसे भूकंप खोल खोल होत जातात. एक तिरकी उतरंडच दिसते, थेट ७०० किमीपर्यंत. तो बुडणारा पट्ट. थंड आहे म्हणून एवढ्या खोलीवरही त्यात भूकंप होतात.

आणि तो पाणी घेऊन जातो. लाखो वर्षं समुद्राखाली राहिलेल्या खडकाच्या खनिजांत पाणी मुरलेलं असतं. सुमारे १०० किमी खोलीवर दाब-उष्णतेने ते सुटतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. पाणी शिरलं की खडक कमी तापमानाला वितळतो. म्हणून गर्तेला समांतर ज्वालामुखींची माळ लागते: अँडीज, जपान, इंडोनेशिया. मधल्या रांगेत खडक वितळतो दाब उतरल्यामुळे, इथे पाणी मिसळल्यामुळे. शाळेच्या पुस्तकात हा फरक कुणी नीट सांगत नाही याचा मला राग आहे.

गारगोटी

आता माझा आवडता भाग. सरकवतं कोण?

खालचं प्रावरण सरकत्या पट्ट्यासारखं फिरतं आणि वरचे तुकडे ओढून नेतं, असं आपण शिकलो. त्यात तथ्य आहे, पण मोठा वाटा उलट बाजूने आहे. नवा तळ गरम आणि उठावलेला असतो. रांगेपासून दूर जाताना तो थंड होतो, जाड होतो, जड होतो. शेवटी खालच्या प्रावरणापेक्षाही जड. मग तो बुडतो आणि मागचा सगळा पट्ट खेचतो. पलंगावरून अर्धी घसरलेली जाड रजई आठवा. लोंबणारा भागच उरलेल्या रजईला ओढतो, कुणी ढकलत नाही.

याची खूणही दिसते. पॅसिफिक पट्टाच्या कडा गर्तांमध्ये बुडतात, तो भरभर जातो. आफ्रिकेच्या पट्टाला असं लोंबणारं टोक जवळजवळ नाही, तो रेंगाळतो. पूर्व पॅसिफिकच्या रांगेत वर्षाला १५ सेंटीमीटरपर्यंत नवा तळ पडतो, अटलांटिकमध्ये अडीच-तीन.

भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. तळ तरुण आहे कारण म्हातारा होऊन जड झाला की तो बुडतो.

निवांत

आणि खंड का नाही बुडत?

गारगोटी

हलके आहेत म्हणून. खंडांचा खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, घनता सुमारे २.७. सागरी बेसाल्टची ३ च्या आसपास. शिवाय खंडाचं कवच सरासरी ३५–४० किमी जाड, सागरी कवच जेमतेम ६–७. गर्तेत खंड आला की तो अडकतो.

डोंगरवेडी

आणि अडकल्यावर काय होतं त्याचं नाव हिमालय.

भारताचा तुकडा उत्तरेला येत होता तेव्हा मध्ये टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली बुडत होता, आणि गारगोटींच्या रजईच्या हिशेबाने भारताला ओढत होता. वेग वर्षाला १५ सेंटीमीटरच्या वर गेला होता. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी समुद्र संपला आणि खंड खंडाला भिडला. वेग पडला, पण गाडी थांबली नाही. आजही वर्षाला ४–५ सेंटीमीटर चालूच आहे.

एव्हरेस्टचा अगदी माथा चुनखडीचा आहे. ४० कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्रातला गाळ. त्याच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली ट्रायलोबाइट आणि सागरी लिलींचे तुकडे दिसतात. जगातल्या सर्वांत उंच जागेवर माणूस उभा राहतो तो समुद्रातल्या किड्यांच्या कवचांवर.

उलटतपासणी

थांबा थांबा. ५ सेंटीमीटर गुणिले ५ कोटी वर्षं म्हणजे २५०० किलोमीटर. एवढी जमीन दाबली गेली असेल तर हिमालय फक्त पावणेनऊ किलोमीटरचा का? बाकीचं गेलं कुठे?

डोंगरवेडी

दादा, हा प्रश्न मला आवडला. हिशेब द्यायला हवा.

एक, घड्या आणि थर. खडकांचे पत्ते एकावर एक चढले. तिबेटखालचं कवच सुमारे ७० किमी जाड झालंय, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. हे सगळं वर उठत नाही. हिमनगासारखं बहुतेक खाली जातं, म्हणून डोंगराला मूळ असतं. त्यात भारताच्या कवचाचा बराच भाग तिबेटच्या खाली सरकलाय.

दुसरं, काही माल बाजूला सटकला. आशियाचे मोठे तुकडे पूर्वेकडे ढकलले गेले. बोटांनी दाबलेला साबण निसटतो तसे. तिबेटमध्ये तर उत्तर-दक्षिण फटी पडल्यात, कारण तो आता स्वतःच्याच वजनाने पसरतोय. खडकाचीही ताकद असते, किती उंच डोंगर तो पेलेल याला मर्यादा आहे.

राहिलं ते नद्यांनी नेलं. गंगा-ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ वाहतात. बंगालच्या उपसागराच्या तळाशी त्या गाळाचा पंखा पसरलाय, लांबी ३००० किमीच्या घरात. हिमालयाचा मोठा भाग आज समुद्राच्या तळाशी आहे, असं म्हटलं तर चूक ठरणार नाही.

उलटतपासणी

हिशेब जुळला. मागे घेतो.

कुंपण

मी नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो. कारण माझं नाव.

१९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप. त्यानंतर पॉइंट रेयसजवळ एका शेताच्या लाकडी कुंपणाचा फोटो काढलाय. सरळ रेषेत खांब येतात, येतात, आणि एकदम तुटून पुढचं कुंपण जवळजवळ अडीच मीटर बाजूला सुरू होतं. बाकी काहीच बिघडलेलं नाही, खांब जागच्या जागी उभे. भूशास्त्रावर मी बरंच वाचलंय, पण पट्ट सरकतात हे मला पटलं ते त्या खांबांनी.

ते कुंपण सॅन अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या लांबलचक भेगेवर होतं. तिथे दोन पट्ट एकमेकांना घासून जातात. पट्ट रोज सरकत असतात, कडा मात्र अडकून बसतात. मधली जमीन वाकत राहते, कुंपणही तिच्याबरोबर वाकतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एके दिवशी अडकलेली कड सुटते. शंभर-दीडशे वर्षांची उधारी मिनिटभरात फेडली जाते.

त्याच भ्रंशावर वॉलेस क्रीक नावाचा एक ओढा आहे. डोंगरातून सरळ येतो, भ्रंशापाशी काटकोनात वळतो, सुमारे १३० मीटर भ्रंशाच्या कडेने जातो आणि पुन्हा सरळ होतो. साडेतीन-चार हजार वर्षांचे भूकंप त्या एका वळणात साठलेत. वर्षाला सुमारे साडेतीन सेंटीमीटर.

दर्यावर्दी

कुंपण, अप्रतिम. २०११ ला जपानमध्ये हीच उधारी फिटली तेव्हा गर्तेजवळचा तळ सुमारे ५० मीटर सरकला, आणि किनाऱ्यावरचा ओशिका द्वीपकल्पाचा भाग ५ मीटरहून जास्त पूर्वेला गेला, शिवाय एक मीटरभर खाली खचला.

बाराखडी

मी नकाशे-सर्वेक्षणातली. ऑस्ट्रेलियाचा पट्ट वर्षाला ७ सेंटीमीटर ईशान्येला जातो. त्यांचे अधिकृत अक्षांश-रेखांश १९९४ च्या स्थितीला बांधलेले होते. देश पुढे गेला, आकडे मागे राहिले. शेवटी २०२० ची स्थिती धरून नवी चौकट आणली आणि सगळे आकडे १.८ मीटरने सरकवावे लागले. फोन हातात धरून रस्ता शोधणाऱ्याला फरक पडत नाही, पण चालकाविना चालणाऱ्या ट्रॅक्टरला पडतो.

पायवाट

मग हवाईचं काय? ते तर पट्टाच्या मधोमध आहे, तिथे ना फट ना गर्ता.

गारगोटी

तिथे खालून एक तप्त जागा भाजतेय आणि वरून पट्ट सरकतोय. म्हणून बेटांची माळ. मोठं बेट आज धगधगतंय, कवाई ५० लाख वर्षांचं, त्यापुढची बहुतेक झिजून पाण्याखाली गेलेली. माळेला मध्ये एक कोपरा आहे, सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या कोपऱ्याचं कारण पट्टाची दिशा बदलली की तप्त जागाच सरकली, यावर अजून भांडणं चालतात. मी त्यात पडत नाही.

निवांत

गारगोटी, भाचीला काय सांगितलंत शेवटी?

गारगोटी

रजईचं सांगितलं. तिला पटलं. मग नकाशाकडे बघून म्हणाली, "बुडलेल्या तळाचा पण नकाशा आहे का?"

आहे! मलाही शोधल्यावर कळलं. भूकंपाच्या लहरी थंड खडकातून जरा वेगाने जातात. जगभरच्या नोंदी एकत्र करून पृथ्वीचं सीटी स्कॅन काढतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला एकेकाळी फॅरेलॉन नावाचा मोठा पट्ट होता. तो जवळजवळ पूर्ण बुडाला, किनाऱ्याजवळ हुआन दे फुका वगैरे चिंध्या उरल्यात. त्या स्कॅनमध्ये तो दिसतो, अमेरिकेच्या पूर्व भागाखाली, हजार-दीड हजार किलोमीटर खोल आणि अजून उतरतोय.

प्रकल्पात आता दोन नकाशे आहेत. दुसरा छापायला निळी शाई कमी पडली.